हॉल नको, दोन वर्षांचा पगार द्या

पत्र

ताई, नमस्कार.

मी सांगलीची. विमा कंपनीत नोकरी केली, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. लग्न केलं नाही. माझी भाची बारावीपासून माझ्याकडेच राहते, आता २६ वर्षांची आहे. तिचं काय काय झालं ते सगळं लिहीत बसत नाही. स्वतःला इजा करून घेणं, दोनदा मध्यरात्री दवाखाना, एखाद्या मैत्रिणीवर जीव ओवाळून टाकायचा आणि आठवड्यात तिचं तोंडही बघायचं नाही, आणि रोजचा एक प्रश्न: ‘आत्या, तू पण मला सोडून जाशील ना?’ आधी डिप्रेशन म्हणाले, मग बायपोलर, म्हणजे कधी अति उत्साह, कधी अति उदास. एका डॉक्टरांनी ‘लाडावलेली आहे, लग्न लावून द्या’ म्हणून सांगितलं. पाच वर्षं यातच गेली. शेवटी पुण्याच्या एका तिशीतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हा बॉर्डरलाइन नावाचा मानसिक आजार आहे असं ओळखलं आणि उपचार सुरू केले. गेली दोन वर्षं भाची नोकरी करते आहे.

कुपवाडची जागा विकली, त्याचे २२ लाख आले. मला हे पैसे या आजाराच्या अभ्यासाला द्यायचे आहेत, आणि तेही त्या बाईंसारख्या नव्या लोकांना. जमलं तर त्यांनाच. भाऊ म्हणतो, शाळेला आईवडिलांच्या नावाने हॉल बांध, नाहीतर गरीब पेशंटांच्या औषधाला दे, संशोधन म्हणजे नुसते कागद. भाची म्हणते, दे, पण माझं नाव कुठे घालू नकोस. अमेरिकेत यावर कोट्यवधी खर्च होत असतील, तिथे आपल्या पैशाने काय होणार? आणि द्यायचे तर कुणाला, कसे?

एक आत्या, सांगली

उत्तर

ताई, पैसे द्या. संशोधनाला द्या आणि तरुण माणसालाच द्या. फक्त २२ देऊ नका, १५ द्या. उरलेले सात भाचीच्या पुढच्या उपचारांसाठी आणि तुमच्या दुखण्याखुपण्यासाठी वेगळे ठेवा आणि कुणी कितीही चांगलं काम सांगितलं तरी त्यांना हात लावू देऊ नका. या आजारात मधे बरी वर्षं येतात, पुन्हा एखादं अवघड वर्ष येऊ शकतं. त्या वर्षी आत्याच्या बँकेत पैसे असले पाहिजेत.

आता मी इतक्या ठामपणे का सांगते आहे, ते सांगते.

माझ्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात मुलाखतींची ४१ बाडं आहेत, प्रत्येकावर नावाऐवजी आकडा. १९९८ साली मी २९ वर्षांची होते. मानसशास्त्रातलं शिक्षण नुकतंच संपलेलं, हातात दोन वर्षांचा एक छोटा प्रकल्प. विषय हाच. सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत येणाऱ्या, बॉर्डरलाइनची लक्षणं असणाऱ्या मुलींच्या आणि बायकांच्या सविस्तर मुलाखती घ्यायच्या, आणि वर्षाने त्याच बायकांना पुन्हा भेटून काय बदललं ते बघायचं. पहिली फेरी झाली. चौदाव्या महिन्यात पैसे थांबले. मार्गदर्शकांची बदली झाली, संस्थेने हात वर केले, आणि मला घर चालवायचं होतं. एका शाळेत समुपदेशकाची जागा निघाली, ती मी घेतली. दुसरी फेरी कधी झालीच नाही.

चार-पाच वर्षांनी एका एसटी स्टँडवर एक बाई समोर येऊन उभी राहिली. मी आधी ओळखलं नाही. ती म्हणाली, “बाई, तुम्ही वर्षानं येते म्हणाला होता. मी तारीख लिहून ठेवली होती.”

ताई, तुमची भाची रोज तुम्हाला जो प्रश्न विचारते, तो मनात ठेवून हे वाक्य वाचा. सोडून जातील ही भीती या आजाराच्या गाभ्यालाच आहे. त्या बाईने जे आईलाही सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं, आणि मी गेले. कुठल्याही विषयाचा अभ्यास पैशाअभावी बंद पडला तर वाईटच, पण या विषयात तो बंद पडतो तेव्हा ज्यांच्यासाठी केला त्यांनाच तो इजा करून जातो. म्हणून मी तुम्हाला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट सांगणार आहे: असं काहीतरी करा की एक तरुण माणूस या विषयात टिकेल.

इतर वाचकांसाठी थोडं. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरमध्ये भावना झटकन पेटतात आणि विझायला फार वेळ लागतो, नाती एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातात, आत सतत पोकळी जाणवते, स्वतःला इजा करून घेण्याची ओढ असते. ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द १९३८ साली अडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकांनी वापरला. हे रुग्ण न्यूरोसिस (चिंता-भीतीचे सौम्य विकार) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारे विकार) यांच्या सीमेवरचे आहेत, अशी तेव्हाची समजूत होती. समजूत गेली, नाव राहिलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा आजार १९८० साली आला. लोकसंख्येत साधारण शंभरात एक-दोन जणांना तो असतो, आणि मानसोपचाराच्या वॉर्डात दाखल असलेल्यांत पाचातल्या एकाला. म्हणजे तो दुर्मीळ मुळीच नाही. आपल्याकडे मात्र त्याची नावं ‘नाटकं करते’, ‘हट्टी आहे’, ‘लग्न झालं की ठीक होईल’ अशी असतात. तुमच्या भाचीची पाच वर्षं या नावांनी खाल्ली.

तुम्ही लिहिलंत, अमेरिकेत कोट्यवधी खर्च होत असतील. तिथलाच हिशेब बघा. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने, म्हणजे एनआयएचने, २५ वर्षांत बायपोलरच्या अभ्यासावर सुमारे ६२ कोटी डॉलर खर्च केले आणि बॉर्डरलाइनच्या अभ्यासावर सुमारे साडेपाच कोटी. २०१४ साली हा हिशेब प्रसिद्ध झाला. दहाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि तेही त्रास, आत्महत्येचा धोका, नोकरी न टिकणं या सगळ्यांत हा आजार बायपोलरच्या तोडीस तोड असताना. याचं एक कारण अगदी व्यवहारी आहे. बॉर्डरलाइनवर मंजूर झालेलं एकही औषध नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९ सालच्या मार्गदर्शक सूचनांत तर खास या आजारासाठी म्हणून औषध देऊच नका, असं सांगितलं. इथे बोलण्याचे उपचार चालतात, आणि बोलण्याची गोळी करून कुणाला विकता येत नाही. त्यामुळे कंपन्यांचा पैसा या बाजूला फारसा फिरकत नाही. सरकारकडून थोडं, कंपन्यांकडून त्याहून थोडं, आणि डॉक्टरांचीही समजूत की हे रुग्ण सुधारत नाहीत. अशा विषयाकडे तिशीतला हुशार मुलगा किंवा मुलगी का वळेल? वळली तरी का थांबेल?

पण जिथे कुणीतरी थांबलं, तिथे काय झालं ते सांगते. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये मेरी झनारिनी या संशोधक बाईंनी १९९२ साली एक अभ्यास सुरू केला. दाखल झालेले २९० बॉर्डरलाइन रुग्ण, आणि तुलनेसाठी व्यक्तिमत्त्वाचे इतर विकार असलेले ७२. प्रत्येकाला दर दोन वर्षांनी गाठायचं आणि सविस्तर मुलाखत घ्यायची. दोन दशकांहून जास्त काळ हे चाललं. दहा वर्षांचे निष्कर्ष आले तेव्हा ९३ टक्के रुग्णांची लक्षणं किमान सलग दोन वर्षं ओसरलेली दिसली. ज्यांना ‘हे असेच राहणार’ म्हणून सांगितलं होतं, ते हे रुग्ण! त्याच अभ्यासाने दुसरी, कडू गोष्टही दाखवली. लक्षणं ओसरली, शिवाय नोकरी आणि नाती नीट बसली, असे लोक निम्मेच होते. म्हणजे इजा करून घेणं थांबल्यावरही बरंच काम बाकी असतं. चोवीस वर्षांत त्यातल्या सुमारे सहा टक्के लोकांनी आत्महत्या केली, हेही त्यातूनच कळलं. रुग्णाच्या घरच्यांना आज आपण आशा दाखवतो ती या आकड्यांच्या आधारावर, आणि हे आकडे आले कारण त्या बाई दोन वर्षांनी परत गेल्या, पुन्हा दोन वर्षांनी परत गेल्या.

माझी ट्रंक आणि तो अभ्यास यांत हुशारीचा फरक असेलही. पण पहिला फरक पैसे सुरू राहण्याचा होता.

आता, छोट्या पैशाने काय होतं हा तुमचा खरा प्रश्न. अमेरिकेतच १९८०च्या दशकात मनोरुग्णांच्या कुटुंबीयांच्या आणि मानसिक आरोग्याच्या संघटनांनी मिळून एक निधी उभा केला. आज त्याचं नाव ब्रेन अँड बिहेवियर रिसर्च फाउंडेशन. त्यांचं मुख्य अनुदान तरुण संशोधकांसाठी आहे: वर्षाला जास्तीत जास्त ३५,००० डॉलर, दोन वर्षं. तिथल्या मानाने ही रक्कम लहान आहे, एका प्रयोगशाळेचा खर्चही त्यात भागत नाही. तरी ती नेमक्या जागी पडते. पीएचडी संपलेली असते किंवा नुकती नोकरी लागलेली असते, स्वतःची कल्पना असते, पण सरकारी मोठं अनुदान मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘प्राथमिक निष्कर्ष कुठे आहेत?’ निष्कर्षांशिवाय पैसे नाहीत आणि पैशांशिवाय निष्कर्ष नाहीत. ही कोंडी छोटी रक्कम फोडते. वीस-पंचवीस रुग्णांवरचा पहिला अभ्यास होतो, तो घेऊन माणूस मोठ्या दारात जातो. त्या फाउंडेशनला अर्ज करायला कुठल्याही देशातला संशोधक चालतो, हेही लक्षात असू द्या. तुम्ही ज्याला मदत कराल त्याला तिसऱ्या वर्षी तिकडे अर्ज करायला सांगता येईल. आपल्याकडेही अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची नव्या प्राध्यापकांसाठी अनुदानं आहेत, तिथेही रिकाम्या हातांनी जाऊन चालत नाही.

आता तुमच्या १५ लाखांचा हिशेब. सरकारी ज्युनियर रिसर्च फेलोला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. तोच दर धरा. दोन वर्षांचे ८ लाख ८८ हजार. घरभाड्याचे महिना दहा हजार धरले तर आणखी २ लाख ४० हजार. उरतात ३ लाख ७२ हजार. त्यात मुलाखतीला येणाऱ्या रुग्णांचं आणि सोबत येणाऱ्या माणसाचं एसटीचं भाडं, त्यांचा बुडालेला रोज, संख्याशास्त्राच्या जाणकाराचं मानधन, संस्थेचा व्यवस्थापन खर्च, एखाद्या परिषदेचा प्रवास, एवढं बसतं. ओढून-ताणून बसतं, पण बसतं. एका माणसाची दोन वर्षं तुम्ही पुरती उचलू शकता.

भाऊ कदाचित म्हणतील, मुद्दल कशाला मोडायचं, ठेव करून व्याजातून द्या. विम्यात तुमचं आयुष्य गेलं, तुम्हीच गणित करा. सात टक्के धरले तर वर्षाला १ लाख ५ हजार. त्यात एक सुवर्णपदक होतं, एक व्याख्यान होतं, पण माणूस उभा राहत नाही. पदकं आपल्याकडे पुष्कळ आहेत. मुद्दल खर्च करून टाका.

हॉलबद्दल मी भावाशी भांडणार नाही, आईवडिलांची आठवण त्यांनाही आहेच. पण ‘संशोधन म्हणजे कागद’ याला उत्तर देते, आणि तेही माझ्या ट्रंकेतलंच.

इंग्रजी प्रश्नावलीत या आजाराचं एक लक्षण येतं, त्याचं आम्ही सरळ मराठी केलं होतं: ‘तुम्हाला सतत रिकामं वाटतं का?’ एका तालुक्याच्या दवाखान्यात हा प्रश्न मी एका शेतकरी बाईला विचारला. ती जवळजवळ रागावलीच. “रिकामं कुठनं बसायचं, बाई? पहाटे चारला उठतीय मी.” मी कागदावर ‘नाही’ लिहिलं. संध्याकाळी तीच बाई ओसरीवर आपणहून बोलायला लागली, “आत कायबी नाही बघा. भांडं घासून पालथं घातल्यागत.” मी कागद काढून ‘नाही’ खोडलं. त्या दिवशी मी तिथे थांबले नसते, तर तिचं उत्तर चुकीचं राहिलं असतं आणि तिचं निदानही. ‘आपण कोण आहोत याबद्दल गोंधळ वाटतो का’ या प्रश्नाला एकीने उत्तर दिलं, “गोंधळ कसला? पाटलांची सून.” या प्रश्नाने तिच्या आतलं काहीच पकडलं नाही, आणि पकडण्यासारखं पुष्कळ होतं.

हे काम कुणीतरी बसून करावं लागतं. प्रश्न मराठीत आणायचा, सांगलीच्या, लातूरच्या, सावंतवाडीच्या बायकांपुढे ठेवायचा, त्या काय समजल्या ते ऐकायचं, शब्द बदलायचा, दुसऱ्या माणसाकडून तो परत इंग्रजीत करवून मूळ अर्थ राहिला का बघायचा, मग दोन वेगवेगळ्या मुलाखतकारांनी एकाच रुग्णाला भेटून दोघांचं निदान जुळतं का तपासायचं. या कामाने वर्तमानपत्रात नाव येत नाही. त्यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत, लागते ती एका चांगल्या तरुण माणसाची दोन वर्षं. तुमच्या भाचीला बायपोलर म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर मराठीतली नीट पारखलेली मुलाखत असती तर? मला वाटतं, तिची पाचातली तीन वर्षं तरी वाचली असती. हे मी सिद्ध करू शकत नाही. पण मी पेशंट पाहिले आहेत.

औषधाला पैसे देण्याबद्दल वर लिहिलंच. या आजारावर ज्याला पैसे द्यावेत असं औषधच नाही. उपचारांना द्यायचे म्हणाल तर तिथेही एक अडचण आहे. सगळ्यात जास्त अभ्यास झालेला उपचार म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना आवरण्याची कौशल्यं शिकवणारा बोलण्याचा उपचार. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो तयार केला, त्याची पहिली चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. पुढे २०११ मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की त्या स्वतः तरुणपणी रुग्णालयात दाखल होत्या, स्वतःला इजा करून घेत होत्या. (भाचीला हे माहीत नसेल तर सांगा.) पण हा उपचार पुरता करायचा तर आठवड्याला एक एकट्याची बैठक, आठवड्याला एक गटाचा वर्ग, अडचणीच्या वेळी फोन, आणि उपचार करणाऱ्यांची स्वतःची साप्ताहिक बैठक, असं साधारण वर्षभर. पुण्या-मुंबईत हे थोड्यांना परवडतं. जतला किंवा शिराळ्याला कोण करणार?

इथेच टोरांटोची एक चाचणी मला फार महत्त्वाची वाटते. २००९ साली तिचे निष्कर्ष आले. १८० रुग्ण, एक वर्ष. निम्म्यांना हा मोठा उपचार, निम्म्यांना अनुभवी मानसोपचारतज्ज्ञांनी ठरावीक पद्धतीने केलेली साधी, नियमित देखभाल. वर्षअखेरीस दोन्हीकडे सुधारणा झाली, आणि मुख्य गोष्टींत दोघांत फरक सापडला नाही. मग ही साधी पद्धत आपल्या जिल्हा रुग्णालयात चालेल का? आठवड्याऐवजी पंधरवड्याने चालेल का? सासूला सोबत बसवून चालेल, की उलट बिघडेल? याचं उत्तर टोरांटोत मिळणार नाही. आणि अशा चाचणीत जे वीस-तीस रुग्ण येतात त्यांना उपचारही मिळतो. भावाला सांगा, तुझ्या गरीब पेशंटांपर्यंत पैसे असेही पोचतात, आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांपर्यंतही.

आता कसे द्यायचे.

पुण्याच्या त्या बाईंना देऊ नका. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. त्यांनी भाचीला वाचवलं हे खरंच, पण त्या तिच्यावर उपचार करतात. तुमचे १५ लाख त्या नात्यात आले की उद्या भाचीला त्यांच्यावर रागावता येणार नाही, उपचार सोडून दुसरीकडे जाता येणार नाही, आणि या आजारात उपचार करणाऱ्यावर मोकळेपणाने रागावता येणं हा उपचाराचाच भाग असतो. त्यांना फक्त एक विचारा, या विषयात काम करू पाहणाऱ्या कुणाकुणाला त्या ओळखतात. नावं त्या देतील, निवड दुसऱ्याने करायची.

पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात जाऊ नयेत. ज्या संस्थेत मानसोपचार किंवा मानसशास्त्राचा चालता विभाग आहे आणि नैतिकता समिती आहे, म्हणजे जिला आपण एथिक्स कमिटी म्हणतो ती, अशा संस्थेच्या संशोधन खात्यात ते जावेत. बंगळुरूचं निम्हान्स आहे, महाराष्ट्रात वैद्यकीय महाविद्यालयं आणि विद्यापीठांचे विभाग आहेत. दोन-तीन ठिकाणी लिहा. उत्तर कोण देतं, किती दिवसांत देतं, आणि तुमच्या प्रश्नांना देतं की नुसतं माहितीपत्रक पाठवतं, यावरून पुष्कळ कळतं. ‘कुणाला घ्यायचं ते आम्ही नंतर बघू’ म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका.

निवड तिघांच्या समितीने करावी, त्यातला एक संस्थेबाहेरचा. तुम्ही विषय ठरवा, ‘बॉर्डरलाइन, आणि मराठी बोलणारे रुग्ण’ एवढं. उत्तर काय यावं ते मात्र ठरवू नका. अभ्यासातून नावडतं काही निघालं, एखादा उपचार चालत नाही असं निघालं, तरी ते छापलं जाईल असं करारात लिहून घ्या. नकारार्थी उत्तरही पुढच्या माणसाची दोन वर्षं वाचवतं.

उमेदवार बघताना गुणपत्रिकेपेक्षा दोन गोष्टी बघायला सांगा. पहिली, मार्गदर्शक कोण आहे आणि त्याने दोन वर्षं वेळ द्यायचं लेखी कबूल केलंय का. मी याच खड्ड्यात पडले होते. मार्गदर्शक बदलला तर पुढे कोण, हेही आधीच लिहून घ्या. दुसरी, त्या मुलाने किंवा मुलीने या रुग्णांसोबत प्रत्यक्ष किती वेळ काढलाय. या विषयाचं आकर्षण दुरून खूप असतं. पहाटे तीनला आलेला फोन घेतल्यावर ते टिकतं का, हे महत्त्वाचं.

हप्ते दर तीन महिन्यांनी आगाऊ द्या. काम दाखवा मग पगार, असं तरुण माणसाला करू नका. तो घरभाडं कुठून भरणार? वर्षाकाठी खर्चाचा दाखला, म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट मागा. ते मागायची लाज वाटू देऊ नका, चांगली संस्था न मागता देते. करसवलत संस्थेप्रमाणे आणि तुम्ही कुठली करपद्धत निवडली आहे त्याप्रमाणे बदलते, ते तुमच्या सीएंकडून पैसे देण्याआधी तपासून घ्या.

राहिली भाची. नाव घालू नकोस म्हणते, तर घालू नका. ‘माझ्या भाचीच्या वेदनेतून’ वगैरे वाक्यही कोनशिलेवर किंवा कागदावर नको, सांगली काही एवढी मोठी नाही. आईवडिलांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवा, भावाचंही समाधान होईल. तिची बाडं, तिचे रिपोर्ट या अभ्यासात जाऊ देऊ नका. आत्याच्या पैशाने चाललेल्या अभ्यासात भाची रुग्ण म्हणून असणं कुणाच्याच हिताचं नाही. पण तिला एक विचारून बघा, मराठीत आलेले प्रश्न छापण्याआधी वाचायला आवडतील का? ‘रिकामं’ या शब्दाची गफलत मला कळायला एक अख्खी संध्याकाळ लागली. तिला ती पहिल्या वाचनात कळेल. नको म्हणाली तर विषय तिथेच सोडा, आणि तिचा निर्णय तिच्या बऱ्या दिवसांत घ्या. पुन्हा कधी अवघड रात्र आली आणि डॉक्टरांचा फोन लागत नसेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक रात्रीही चालतो, मराठीत बोलतात, तो फ्रिजवर लिहून ठेवा.

कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठवा, मी वाचून देते. त्यात मी एक कलम शोधणार आहे. काम काही कारणाने मध्येच थांबलं, तर मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला ते कुणी कळवायचं, किती दिवसांत कळवायचं, आणि त्या पत्रांचा खर्च कुठून करायचा. बहुतेक ते नसेल. तुम्ही घालून घ्या. माझ्या करारात ते असतं तर स्टँडवर भेटलेल्या त्या बाईला वर्षभर तारखेची वाट बघावी लागली नसती.